एकावन्नाच्या पंगतीची सावली

आमच्या बाबांचा देवावर बेताचाच विश्वास होता. शिट्टीवर मात्र पुरता होता. ते शाळेत पीटीचे मास्तर होते आणि ती शिट्टी काळ्या दोऱ्यात ओवून चोवीस तास त्यांच्या गळ्यात असायची. आई म्हणायची, "माह्या गळ्यात मंगळसूत्र, याइच्या गळ्यात शिट्टी. बरोबरीत सुटलो." घरात एक लांब शिट्टी वाजली की नळाला पाणी आलं असं समजायचं, दोन आखूड वाजल्या की जेवायला बसायचं, आणि तीन वाजल्या की वंदा, म्हणजे मी, जिथे असेन तिथून धावत यायचं. शिट्टीनंतर त्यांचा भरवसा होता तो फक्कीवर. मैदानावर रेषा आखायची ती पांढरी भुकटी त्यांच्या पँटच्या खिशात, चपलेच्या तळाला, कधीकधी मिशीतही सापडायची. एका सामन्यात पंच असताना त्यांनी स्वतःच्याच शाळेच्या कबड्डीच्या पोराला शेवटच्या मिनिटाला बाद दिलं होतं, का तर त्याची टाच रेषेबाहेर दोन बोटं गेली होती. शाळा हरली. हेडमास्तर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. रेषेबाहेर म्हणजे बाद, यात बोलण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. असा बाप घरात असला की बाकी शिस्तीची गरज पडत नाही, आणि पळवाटाही फार राहत नाहीत.

सिंदी मेघेला आम्ही घर बांधलं तेव्हा त्या सगळ्या ले-आऊटमध्ये सात घरं होती आणि झाड एकही नव्हतं. प्लॉट पाडणाऱ्याने आधी झाडं पाडली होती. दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे कोपऱ्याच्या प्लॉटचं ऐसपैस अंगण. एप्रिल लागला की त्या अंगणात चप्पल विसरून राहिली तर तिचं तोंड वाकडं व्हायचं. आई भांडी घासायला बाहेर दगडावर बसायची, पदर डोक्यावरून घेऊन, त्यावर ओला पंचा टाकून, आणि घासलेली ताटं एवढी तापायची की ती फडक्याने धरून आत आणावी लागत. कुलर होता, पण दुपारी वीज नसायची, आणि वीज असायची तेव्हा टाकीत पाणी नसायचं. आज त्याच घरात मी एसी लावून हे लिहिते आहे. वीज आजही मधूनच जाते, तेवढी एक जुनी ओळख शिल्लक आहे.

तर अशा त्या उघड्या अंगणात बाबांनी एका पावसाळ्यात झाड आणलं. त्यांचं गाव गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी. तिथून एसटीने येताना मांडीवर डालड्याचा डबा आणि डब्यात वीतभर रोप. पानं लांबलचक, दोन्ही बाजूंना दातेरी पात्यांच्या जोड्या, आणि चुरगळली की वास असा की आईने नाकाला पदर लावला. शेजारच्या धोटेकाकू भिंतीवरून डोकावल्या. या काकूंजवळ राणी नावाची एक बकरी होती आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक मत होतं.

"हे काय आणलं जी, सर?"

"महारुख हाये."

"मायबाई! हे तं पडीत रानात उगवते. कडुलिंब लावा ना. सावलीही थंडी, औषधालेही कामी पडते."

"कडुलिंबाले वेळ लागते," बाबा म्हणाले. "मले वेळ नाई."

वेळ का नाही, ते त्याच संध्याकाळी कळलं. रोप लावल्याच्या आनंदात त्यांनी सात घरांतल्या कर्त्या पुरुषांना चहाला बोलावलं आणि कप हातात असताना जाहीर केलं की वंदाचं लग्न या झाडाखाली होईल. त्याला कारण होतं. बाबांचं स्वतःचं लग्न भर मे महिन्यात कापडी मांडवात लागलं होतं, आणि त्या मांडवात चक्कर येऊन तिघे जण पडले, त्यातला एक नवरदेव होता. मंगलाष्टकं थांबवून त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. आईच्या माहेरचे लोक पुढे कित्येक वर्षं जावयाची तब्येत विचारायचे ती त्यामुळे. तेव्हापासून कापडी मांडवाशी त्यांचं उभं वैर होतं. "या झाडाच्या सावलीत एकावन्नाची पंगत बसली, का त्याच वर्षी पोरीचं लगन," ते म्हणाले. "तोवर तिले जेवढं शिकाचं तेवढं शिकू दे. मी रोकनार नाई. हा शब्द हाये आपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा आठवीत गेले होते आणि दारामागे उभी राहून बिस्किटं मोजत होते. मला त्या शब्दातलं फक्त शिकायचं तेवढंच ऐकू आलं, आणि बाप फार मोठ्या मनाचा वाटला.

दरवर्षी अक्षय तृतीयेला सावलीची मोजणी व्हायची. सण आधीच जेवणाचा. पाण्याने भरलेली नवी घागर, पितरांचं पान, आंब्याचा रस, कुरडया, आणि आमच्याकडे त्या रसासोबत सरगुंडे. काडीवर गुंडाळून वाळवलेली ती पिठाची वेटोळी आई महिनाभर आधीपासून करून ठेवायची. बाराच्या ठोक्याला बाबा फक्कीचा डबा घेऊन निघत, झाडाची सावली जिथे संपते तिथून रेषा ओढत गोल फिरत, मग त्या रेषेच्या आत माणसं बसवत आणि शिट्टी वाजवून आकडा जाहीर करत. पहिल्या वर्षीची सावली म्हणजे जमिनीवर सांडलेल्या चहाएवढी होती. तिच्यात एकटे बाबाच बसले, तेही गुडघे पोटाशी घेऊन, आणि रस प्यायले. "एक!" त्यांनी शिट्टी मारली. धोटेकाकू हसून हसून भिंतीला टेकल्या. दुसऱ्या वर्षी चार माणसं बसली, आणि त्या वर्षी झाड माझ्या दीडपट उंच झालं होतं. मी त्याच्याजवळ उभी राहून वर पाहिलं आणि बाबांच्या शब्दातलं लग्नही पहिल्यांदा ऐकू आलं. मला गणित बरं यायचं. एकाचे चार झाले होते.

बाकीच्या मुलींच्या लग्नाचा विषय घरात कधी निघेल ते त्यांना माहीत नसे. माझा विषय अंगणात उभा होता आणि रोज पाणी पीत होता. मला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. मामांच्या शेतावर एक बाई अधिकारी आल्या होत्या, सायकलवरून, डोक्यावर टोपी घालून. त्यांनी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटं करून त्याखालची कीड दाखवली आणि मामा, जे घरात कोणाचं ऐकत नसत, हात मागे बांधून ऐकत राहिले. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बारावीपर्यंत तीन वर्षं, पुढे कॉलेजची चार. एवढ्यात हे झाड पन्नासच्या आत थांबवायचं, एवढाच प्रश्न होता. झाडाशी माझं भांडण नव्हतं, हे मी त्याला सांगितलंही होतं. पण कोणीतरी एकानेच वाढायचं होतं.

पहिला प्रयत्न राणीवर सोपवला. महारुखाच्या त्या वासाने माणसं पळतात, बकऱ्या मात्र पेढा असल्यासारख्या तुटून पडतात. बाबा शाळेत गेले की मी फाटकाची कडी काढून ठेवायची आणि राणीला हाक मारायची. तिने आठ दिवसांत खालपासून हाताला येईल तेवढं सगळं ओरबाडलं. बाबांनी धोटेकाकूंना दोन शब्द ऐकवले, काकूंनी चार परत केले, आणि महिन्याभरात झाडाला आधीपेक्षा दुप्पट पालवी फुटली. दहावीच्या सुट्टीत बाबा दहा दिवस क्रीडा शिबिराला गेले, तेव्हा मी विळा घेऊन भिंतीवर चढले आणि झाडाचा शेंडाच उडवला. महारुखाचं लाकूड इतकं मऊ असतं की भोपळा कापल्यासारखा विळा जातो. कापून खाली उतरते तर मोरीच्या दारात आई. हातात राखेचं बोळकं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग विळ्याकडे, मग खाली पडलेल्या फांद्यांकडे.

"झालं?" ती म्हणाली.

"हो."

"मंग थे फांद्या राणीले टाकून दे. अंगणात पसारा ठेवू नको." आणि ती भांडी घासायला बसली.

बाबा आले, त्यांनी बुंध्यापाशी उभं राहून वर पाहिलं, आणि मी म्हणाले वादळाने मोडलं. वादळाने फांदी इतकी सरळ कापलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नसणार, पण त्यांनी विचारलं नाही. अकरावीत रसायनशास्त्रात क्षार शिकवले, तेव्हा मी राखेचं आणि सोड्याचं पाणी रोज बुंध्यात ओतायला सुरुवात केली. झाड जळेल अशी आशा होती. पण ज्या अंगणात पाण्याचा थेंब मिळत नव्हता तिथे झाडाने ते अमृतासारखं पिऊन टाकलं. आणि शेंडा कापल्याचा परिणाम मला त्या वर्षीच्या मोजणीला कळला. उंच जायची वाट बंद झाली म्हणून झाड चहूबाजूंनी पसरलं होतं. दहावीला अकरा होते, अकरावीला सव्वीस झाले. बाबा शिट्टी वाजवून लाल झाले. पुढे चार वर्षं कॉलेजात जे शिकले ते मी तेव्हा स्वतःच्या हाताने करून बसले होते: सावली हवी असेल तर शेंडा खुडा. आजही, शेतकी खात्यातून निवृत्त झाले तरी, लोक मला फोन करतात, मॅडम, नवीन प्लॉट घेतला, लवकर वाढणारं सावलीचं झाड सांगा. मी सांगते, महारुख लावा, पण घरापासून लांब लावा, लाकूड ठिसूळ असतं, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर विचार करून लावा. ते समजतात मॅडमला विनोद करायची सवय आहे.

पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारलं, तुला माहीत होतं ना, शेंडा कापला की झाड रुंद होतं? ती शेतकऱ्याची मुलगी, पुलगावकडची, तिला माहीत नसेल असं होणारच नव्हतं. ती म्हणाली, "माहीत होतं नं. पन तुले थांबवलं असतं तं मले सावली कुठून भेटली असती वं? भांडे घासून घासून टाळू जळून राह्यली होती माही." आपल्याच घरात आपल्याविरुद्ध कोण कोण उभं होतं ते कळायला असा वेळ लागतो.

आणि खरं सांगायचं तर बारावीच्या वर्षी माझाही त्या झाडावर जीव जडला. उन्हाळ्याच्या तोंडी त्याची सगळी पानं गळत आणि अंगण झाडता झाडता पाठ मोडे. त्याच्या फुलोऱ्याला वास येई, तो वेगळाच. मग चैत्रात तांबूस कोवळी पालवी आली की आठ-पंधरा दिवसांत वर हिरवं छत. आणि त्याच्या पंखवाल्या बिया! मधे एक बी आणि दोन्ही बाजूंना पातळ पीळदार पंख, तांब्याच्या रंगाचे. वारा आला की गरगर फिरत उतरायच्या, वहीवर, आईच्या कुरडयांवर, धोटेकाकूंच्या अंबाड्यात. मी बारावीचा सगळा अभ्यास बुंध्याला पाठ लावून केला. घरात अंगाची लाही होत असताना तिथे पुस्तक उघडता येत होतं. ज्या सावलीने माझं शिक्षण थांबणार होतं त्याच सावलीत मी ते करत होते, आणि मला त्या सावलीत बरं वाटायचं, याची मला फार लाज वाटायची.

परीक्षा झाली. अकोल्याच्या शेतकी कॉलेजचा फॉर्म आणून मी रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. आणि एके दिवशी बाबा घरी आले ते गाणं गुणगुणतच. आर्वीचे पाहुणे येणार होते, अक्षय तृतीयेलाच. मुलाचं बियाण्यांचं दुकान होतं. मुलाचे वडील आणि काका आधी येऊन घर पाहणार, जेवणार. बाबांनी सकाळीच झाडाखाली पावलं टाकून हिशेब केला होता. ले-आऊट आता भरला होता. त्यांनी घरटी निमंत्रण दिलं, शाळेतले मास्तर बोलावले, सतरंज्याही शाळेतून आणल्या.

त्या दिवशी पहाटेपासून आई आणि ले-आऊटमधल्या बाया रसाला बसल्या. धोटेकाकूंनी चूल अंगणाच्या पार टोकाला मांडून कुरडया तळायला घेतल्या. मी पत्रावळी पुसत होते आणि मनातल्या मनात माणसं मोजत होते. बाराला दहा कमी असताना बाबांनी फक्की हातात घेतली. रेषा ओढता ओढता ते फाटकापर्यंत गेले, वळले, भिंतीला घासत परत आले. एवढा मोठा गोल मी मैदानाबाहेर कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी शिट्टी मारली आणि पुरुषांना ओळीने बसवायला सुरुवात केली, मांडीला मांडी लावून, पीटीच्या तासासारखं. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. शाळेचा शिपाई एकोणपन्नासावा. मग बाबांनी आर्वीच्या दोन्ही पाहुण्यांना हाताला धरून आणलं आणि बुंध्याशी राखून ठेवलेल्या जागेवर बसवलं. पन्नास. एकावन्न. रेषेकडच्या माणसांच्या गुडघ्यांपुढे अजून चार बोटं सावली शिल्लक होती. बाबांनी शिट्टी तोंडात धरली आणि ती इतकी लांब वाजवली की तीन घरं पलीकडची माणसं नळाला पाणी आलं म्हणून घागरी घेऊन बाहेर आली.

मी रसाचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भिंतीकडे तोंड करून रडले. आई मागून आली. तिने पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "रस खारा करू नको. थो फॉर्म कुठी हाये?"

"कोणता?"

"मले बह्याड समजते काय वं? पुस्तकातला."

मी सांगितलं. तिने मान हलवली आणि वाढायला निघून गेली. पुरुषांची पंगत तासभर चालली. आग्रह झाले, सरगुंड्यांची तारीफ झाली, आर्वीच्या काकांनी तीन वाट्या रस घेऊन झाडाला शाबासकी दिली. पानं उचलली, हात धुतले, सुपारी फिरली. मग उरलेलं आटोपून, दुसऱ्यांदा भात टाकून, पुन्हा कुरडया तळून बायांची पाळी आली तेव्हा तीन वाजायला आले होते. एरवी बाया स्वयंपाकघरात दोन-तीन खेपांत जेवून घेत. त्या दिवशी आई म्हणाली, "आज आपनही बाहीरच बसू. एवढी सावली केली याइनं." आणि तिने कोणालाही सतरंज्या हलवू दिल्या नाहीत. होत्या तिथेच नव्या पत्रावळी मांडायला लावल्या. मुलाबाळांच्या आया, म्हाताऱ्या, धोटेकाकू, सगळ्या बसल्या. आई पहिल्या ओळीत पहिली, अगदी फाटकाकडच्या बाजूला. मग तिने हाक मारली, "आता वाढा जी तुमी. बायाइच्या पंगतीले माणसं वाढतेत, रीतच हाये."

पाहुण्यांसमोर रीत निघाल्यावर बाबांचा इलाज नव्हता. पंगतीत वाढायचं म्हणजे अनवाणी. ते रसाची बादली घेऊन उंबऱ्यातून ऐटीत उतरले, चार पावलं गेले आणि एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या. मग त्यांनी जी उडी मारली ती त्यांच्या विद्यार्थ्यांनाही जमली नसती.

"अवं, इथं तं उन्ह लागून राह्यलं!" ते ओरडले.

"हो का?" आई म्हणाली. "मले वाटलं माह्याच डोक्यावर हाये."

तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. सकाळची फक्कीची रेषा जागच्या जागी होती आणि तिच्या आत कडक ऊन पडलं होतं. झाडाची सावली सरकत पूर्वेला गेली होती, भिंत ओलांडून, धोटेकाकूंच्या अंगणात, आणि तिथे तिच्या बरोबर मधोमध राणी पाय पोटाशी घेऊन रवंथ करत बसली होती. आमच्या बाजूला भिंतीलगत तेवढा एक पट्टा उरला होता. बायांच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं, पण एकीनेही जागा सोडली नव्हती. पुढे धोटेकाकूंनी मला सांगितलं की रस पिळतानाच सगळं ठरलं होतं.

"मोजा ना जी," आई म्हणाली. "फक्की आना."

"पंगत बाराची धरली होती," बाबा म्हणाले. बादली त्यांनी खाली ठेवली होती आणि तिच्या सावलीत एक पाय.

"लग्नात बाया बाराले जेवतेत काय? का उपाशी ठेवता त्याइले? माह्या लग्नात मी चार वाजता जेवली. तुमाले चक्कर आली तं पाणी मारलं लोकाइनं. मी त्याच मांडवात बसून होती दिवसभर, मले कोनी इचारलं नाई."

हे मात्र बाबांना नवीन होतं. मलाही. ती हे हसत हसत बोलत होती. आर्वीचे पाहुणे ओसरीतून म्हणाले, "सर, काऊन मनावर घेता? मांडव टाकून घेऊ, कापडी. आजकाल चांगले भेटतेत." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते कोणाला काय सुचवत होते.

बाबांनी फक्की आणली. चप्पल घालायची आठवण त्यांना राहिली नाही. तापल्या मातीवरून चालत त्यांनी सावली जिथे होती तिथून नवी रेषा ओढली. ती भिंतीपाशी सुरू झाली आणि थोडं वळण घेऊन भिंतीपाशीच संपली. मग ते आत बसलेल्या बाया मोजू लागले, एकेकीवर बोट ठेवून. नऊ झाल्या. पुन्हा मोजल्या. नऊच. त्यांनी उरलेल्या बायांकडे पाहिलं, ओळीने, उन्हात, आणि शेवटी आईकडे. ती रेषेपासून सर्वांत लांब होती.

"रेषेबाहेर म्हंजे काय, जी?" आईने विचारलं.

बाबांच्या गळ्यात शिट्टी होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. मला वाटतं, आपले पाय भाजताहेत हेही ते विसरले होते.

"बाद," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, हात जोडून, मोठ्याने, "मोजनी बाद हाये. पोरगी शिकन सध्या. शब्द हाये आपला."

पाहुणे जरा रागावूनच गेले. सुपारी तेवढी घेऊन गेले. मला मुलगा कसा होता ते आजतागायत माहीत नाही, चांगलाही असेल. बाबांनी त्या दिवशी बायांच्या पंगतीला शेवटपर्यंत वाढलं, आईच्या पानात रस वाढताना तिच्या डोक्यावर स्वतःचा पंचा टाकला, आणि संध्याकाळी तळपायांना खोबरेल लावून ओसरीत पालथे पडले. मी त्यांच्यासमोर फॉर्म धरला. त्यांनी तो पालथ्यानेच वाचला आणि उशीखालचं पेन काढून सही केली. शाळेच्या हजेरीपटावर करत तशी, अगदी रेघेवर.

ते महारुख पुढे बरीच वर्षं टिकलं. एका अवकाळी वादळात त्याची मोठी फांदी फाटून ओसरीवर पडली, तेव्हा ते उतरवावं लागलं. माझं लग्न त्याच्याआधी झालं होतं, नोकरी लागल्यावर, हिवाळ्यात, एका सभागृहात. बायांची पंगत पहिली बसली आणि बाबांनी ती शिट्टी वाजवून उठवली. पण मला सांगायचं आहे ते त्या अक्षय तृतीयेनंतरच्या पावसाळ्याचं. मी अकोल्याला जायची पेटी भरत होते. तीन शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून धावत बाहेर गेले, तर बाबा अंगणात पश्चिमेच्या बाजूला खड्डा खणून बसले होते. पश्चिमेचं झाड म्हणजे दुपारची सावली अंगणात, हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. आई राखेच्या पाण्याची बादली घेऊन बाजूला उभी होती. मी डब्यातलं रोप पाहिलं. हिरवीगार बारीक पानं, वितीपेक्षाही कमी उंच.

"हा तं कडुलिंब हाये, बाबा," मी म्हणाले. "महारुख काऊन नाई लावलं? याले लय वेळ लागते."

बाबांनी रोप खड्ड्यात सरळ धरलं, एक डोळा मिटून ते रेषेत आहे का पाहिलं, आणि माती लोटली.

"लागू दे," ते म्हणाले.